विश्वास नसेल तर करार कशाला?

"अमेरिका आणि रशिया यांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास नाही. केलेले करार एकामागून एक मोडीत निघाले, आणि आता चीनही स्पर्धेत उतरलाय. मग शिखर परिषदा, हस्तांदोलनं, शांततेच्या वाटाघाटी हा सगळा देखावाच नाही का? विश्वास नसेल तर करार कशाला? आणि भारतासारख्या देशाला यात करण्याजोगं काही आहे का?" स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचकाने हे विचारलंय.

मी पुण्यात बरीच वर्षं आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवलं. शस्त्रनियंत्रण हा माझा अभ्यासाचा विषय, त्यामुळे हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात कुणी ना कुणी विचारायचंच. उत्तर लांबणार आहे. एका वाक्यात दिलं तर उत्तरपत्रिकेत लिहायला सोयीचं होईल, पण कोडं तिथेच राहील.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आधी विश्वास, मग करार. इतिहास चाळला तर क्रम बहुतेक वेळा उलटा दिसतो. गावाकडे बांधावरून भाऊबंदकी पेटली की सरकारी मोजणी मागवतात. मोजणीदार येतो, खुणा रोवतो, पंचनाम्यावर दोघांच्या सह्या होतात. ज्यांचं एकमेकांशी गोडीगुलाबीचं आहे ते मोजणीची फी भरायला जातच नाहीत. महासत्तांमधले जे करार टिकले ते बहुतेक या जातीचे. म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेतो. समोरच्याचा हेतू वाईटच आहे असं दोघंही धरून चालले असताना युद्ध टाळणारी कोणती व्यवस्था त्यांच्यात उभी राहते, आणि ती कधीपर्यंत टिकते?

आधीच सांगून ठेवतो, याचं सूत्र नाही. दोघांची ताकद साधारण बरोबरीची आहे का, नवं तंत्रज्ञान कुणाच्या हातात आधी आलंय, सत्तेवरच्या माणसाला घरचं राजकारण किती सैल सोडतं, यावर बरंच अवलंबून असतं. १९८३ मध्ये अशक्य वाटलेली गोष्ट १९८७ मध्ये सहीशिक्क्यानिशी झाली, कारण मधल्या चार वर्षांत मॉस्कोत माणसं बदलली. तरीही काही गोष्टी परत परत दिसतात, आणि त्या सिद्धांतापेक्षा तपशिलात जास्त नीट कळतात.

सुरुवात क्यूबापासून करतो, पण जिथे पाठ्यपुस्तक थांबतं तिथून. सोव्हिएत संघाने क्यूबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं ठेवल्याचं अमेरिकेला कळलं आणि युद्ध दाराशी आलं. ऑक्टोबर १९६२ च्या त्या तेरा दिवसांत दोन महासत्तांमध्ये निरोप कसे जात होते ते बघा. २६ ऑक्टोबरला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकी अध्यक्ष केनेडींना एक लांब, बऱ्यापैकी नरमाईचं पत्र पाठवलं. मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासात ते देण्यात आलं, तिथे भाषांतर झालं, सांकेतिक लिपीत बसवलं गेलं, तुकड्यातुकड्यांनी तारेने निघालं. वॉशिंग्टनला पूर्ण पोचायला जवळजवळ बारा तास लागले. दुसऱ्या दिवशी मॉस्को रेडिओवरून दुसरं, कडक पत्र आलं: तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रंही काढा. त्याच दिवशी क्यूबावर अमेरिकेचं यू-२ टेहळणी विमान पाडलं गेलं. वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या माणसांनी काय समजायचं? मॉस्कोत सत्तापालट झाला का? पहिलं पत्र हा डाव होता का? वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रीनिन यांनी पुढे सांगितलंय की त्यांचे संदेश न्यायला तार कंपनीचा एक पोरगा सायकलवर यायचा, आणि तो वाटेत कुठे रेंगाळू नये एवढीच प्रार्थना ते करू शकत होते. २८ तारखेला माघारीचा निर्णय कळवायला ख्रुश्चेव्ह यांनी सरळ रेडिओच वापरला, कारण तोच सगळ्यांत लवकर पोचणार होता.

वर्गात मी यावर एक सराव घ्यायचो. दोन गट करून त्यांना दोन वेगळ्या खोल्यांत बसवायचं, एक वॉशिंग्टन, एक मॉस्को. बोलायचं फक्त चिठ्ठीने, आणि चिठ्ठी मी मुद्दाम उशिरा पोचवायची. एका गटाची समजुतीची चिठ्ठी माझ्या हातात पडलेली असे, तेवढ्यात त्याच गटाची दुसरी, वैतागलेली चिठ्ठी येई. समोरच्यांना दोन्ही एकदम मिळाल्या की ते हमखास म्हणत, "हे आपल्याला खेळवतायत." सकाळी एकाच टपरीवर एकत्र चहा प्यायलेली ही मुलं. त्यांच्यात वैर नव्हतं, स्वभाव वाईट नव्हते. फक्त निरोप उशिरा पोचत होते, आणि तेवढ्याने संशय पिकत होता.

क्यूबानंतर दोन्ही राजधान्यांना हेच उमगलं. २० जून १९६३ ला जिनिव्हात एका छोट्या मसुद्यावर सह्या झाल्या आणि ३० ऑगस्टला ती जगप्रसिद्ध हॉटलाइन सुरू झाली. सिनेमात दिसतो तसा लाल फोन तिथे नव्हता. ती टेलिप्रिंटरची लाइन होती. वॉशिंग्टनहून लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी असं करत मॉस्कोला जाणारी. फोन मुद्दाम टाळला होता. बोलण्यात तोल जातो, दुभाष्याकडून चूक होते, ऐकलेलं पुन्हा तपासता येत नाही. प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहायचं, वाचणाऱ्याने आपल्या माणसांकडून भाषांतर करून घ्यायचं. यंत्र जिवंत आहे ना हे बघायला दर तासाला चाचणीचा मजकूर जायचा. मोठी परीक्षा झाली जून १९६७ मध्ये, अरब-इस्राएल युद्धात. ८ जूनला इस्राएलने अमेरिकेच्या 'लिबर्टी' या जहाजावर हल्ला केला. चौकशीसाठी अमेरिकी विमानवाहू जहाजावरून विमानं उडणार होती, आणि सोव्हिएत आरमार त्याच समुद्रात होतं. अमेरिकी अध्यक्ष जॉन्सन यांनी हॉटलाइनवरून सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांना कळवलं की ही विमानं आमच्या जहाजाकडे चालली आहेत. या देवाणघेवाणीत विश्वासाचा प्रश्नच नव्हता. कोसिगिन यांना जॉन्सन आवडायची गरज नव्हती. संदेश वेळेत पोचला आणि रडारवर दिसणाऱ्या ठिपक्यांना अर्थ मिळाला, एवढं पुरेसं होतं.

समुद्राचाच दुसरा दाखला देतो, कारण तो फार कमी शिकवला जातो. साठच्या दशकात अमेरिकी आणि सोव्हिएत जहाजं एकमेकांना खेटायची, बंदुका रोखायची, रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर प्रखर झोत मारायची. मे १९६७ मध्ये जपानच्या समुद्रात 'वॉकर' ही अमेरिकी विनाशिका लागोपाठ दोन दिवस सोव्हिएत जहाजांना घासली. १९६८ च्या मे महिन्यात नॉर्वेजवळ 'एसेक्स' या विमानवाहू जहाजाच्या अगदी जवळून घिरट्या घालणारं सोव्हिएत टीयू-१६ बॉम्बफेकी विमान समुद्रात कोसळलं. अशा अपघाताला कुठल्या दिवशी कोण हल्ला समजेल याचा नेम नव्हता. २५ मे १९७२ ला मॉस्कोत अमेरिकेचे नौदलमंत्री जॉन वॉर्नर आणि सोव्हिएत नौदलप्रमुख गोर्शकोव्ह यांनी एक करार केला. भाषा अगदी खलाशांची. समोरच्या जहाजावर तोफा, क्षेपणास्त्रं, पाणतीर रोखून लुटुपुटूचा हल्ला करायचा नाही. ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकणाऱ्यांच्या जागेवर, झोत मारायचा नाही. ठरलेल्या खुणांनी आपली हालचाल कळवायची. आणि दरवर्षी दोन्ही नौदलांनी बसून गेल्या वर्षभरातल्या तक्रारींचा हिशोब करायचा.

मला या करारातलं ते शेवटचं कलम सगळ्यांत मोलाचं वाटतं. तक्रार परराष्ट्रमंत्र्यांकडे गेली की तिचा मथळा होतो. नौदलाच्या माणसाकडून नौदलाच्या माणसाकडे गेली की त्यातून सूचना निघते: अमुक कप्तानाला समज द्या, अमुक खूण नीट समजत नाही, बदला. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या, १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन प्रवासी विमान पाडलं जाऊन २६९ माणसं मेली, तरी हा करार चालू राहिला. सगळ्या घटना थांबल्या असं मी म्हणत नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये काळ्या समुद्रात सोव्हिएत जहाजांनी दोन अमेरिकी युद्धनौकांना मुद्दाम धडका दिल्या. पण किती अंतरापर्यंत जायचं, धडकेनंतर काय करायचं नाही, हे तोपर्यंत दोघांनाही पाठ झालेलं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. निरोप आणि शिष्टाचार ठीक, पण शस्त्रं? शत्रूने क्षेपणास्त्रं मोडली म्हणून सांगितलं तर ते मानायचं कसं?

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत संघाने एसएस-२० ही मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं तैनात करायला सुरुवात केली. नाटोने, म्हणजे अमेरिका आणि पश्चिम युरोपच्या लष्करी आघाडीने, १९७९ मध्ये ठरवलं की वाटाघाटी करू, आणि जमलं नाही तर पश्चिम युरोपात पर्शिंग-२ आणि क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवू. १९८३ च्या अखेरीस पर्शिंग पश्चिम जर्मनीत येऊ लागली आणि सोव्हिएत प्रतिनिधी जिनिव्हाच्या बैठकीतून उठून गेले. त्याच वर्षी अमेरिकी अध्यक्ष रेगन यांनी सोव्हिएत संघाला दुष्ट साम्राज्य म्हटलं होतं. त्याच सप्टेंबरात मॉस्कोजवळच्या एका केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाच्या अधिकाऱ्यासमोर संगणकाने अमेरिकी क्षेपणास्त्रं सुटल्याचा इशारा दिला, आणि त्याने तो खोटा असल्याचं ठरवून वर तसंच कळवलं. विश्वास मोजायचं यंत्र असतं तर काटा शून्याच्या खाली गेला असता.

चार वर्षांनी, ८ डिसेंबर १९८७ ला, रेगन आणि नवे सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी वॉशिंग्टनमध्ये मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरच्या आयएनएफ करारावर सह्या केल्या. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून सुटणारी सगळी क्षेपणास्त्रं नष्ट करायची. १९९१ च्या मुदतीपर्यंत एकूण २,६९२ क्षेपणास्त्रं मोडली गेली. सोव्हिएतांची १,८४६ आणि अमेरिकेची ८४६. आकड्यांतली तफावत लक्षात घ्या, कारण "नेहमी अमेरिकाच फसवते" किंवा "नेहमी रशियाच" अशी ठोकळेबाज उत्तरं इथे टिकत नाहीत.

पण आकड्यापेक्षा मला वोतकिन्स्क जास्त महत्त्वाचं वाटतं. उद्‌मुर्तिया भागातलं हे गाव, संगीतकार चायकोव्स्कीचं जन्मगाव. इथल्या कारखान्यात बंदी घातलेलं एसएस-२० तयार होत असे, आणि ज्यावर बंदी नव्हती ते आंतरखंडीय एसएस-२५ सुद्धा. दोघांचा पहिला टप्पा बाहेरून इतका सारखा की कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या लांबलचक डब्यात नेमकं काय आहे हे उपग्रहाला कळणं अवघड. मग ठरलं असं की कारखान्याच्या फाटकाबाहेर अमेरिकी निरीक्षक मुक्कामालाच राहतील, जास्तीत जास्त तीस, दिवसरात्र. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोठ्या रेल्वे डब्याची, ट्रकची लांबी मोजायची. क्षेपणास्त्र मावेल इतका मोठा असेल तर तपासायचा. वर्षातून आठ वेळा डबा उघडून आत बघायचा हक्क. शिवाय फाटकावर क्ष-किरण यंत्र, ज्यातून क्षेपणास्त्राचा ठरलेलाच भाग दिसेल. ओळख पटेल एवढा, पण रचनेची गुपितं फुटणार नाहीत एवढाच. बदल्यात सोव्हिएत निरीक्षक अमेरिकेत युटा राज्यातल्या मॅग्ना गावी, पर्शिंगची इंजिनं जिथे तयार होत त्या कारखान्याच्या फाटकावर.

विचार करा, शीतयुद्ध अजून संपलेलं नाही, आणि शत्रूची माणसं क्षेपणास्त्राच्या कारखान्याबाहेर कडाक्याच्या थंडीत फूटपट्टी घेऊन उभी आहेत. १९९० च्या मार्चमध्ये तिथे मोठा खटका उडाला. क्ष-किरण यंत्र करारात ठरल्याप्रमाणे चालतंय की नाही यावर वाद झाला आणि काही क्षेपणास्त्रं तपासणीशिवाय बाहेर काढली गेली. करार तिथेच मोडू शकला असता. मोडला नाही, कारण अशा तंट्यांसाठी बसण्याची जागा करारातच ठरवून ठेवलेली होती. तपशील घासून घेतले गेले आणि काम पुढे सुरू झालं. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगायचो की कराराचं पहिलं पान वाचू नका, तपासणीची परिशिष्टं वाचा. निरीक्षक विमानतळावर उतरल्यावर त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी नऊ तासांच्या आत पोचवायचं, ही अट कुणी आणि का घातली असेल याचा विचार केला की करार म्हणजे काय ते कळतं. नऊ तासांत क्षेपणास्त्र लपवणं कठीण. नऊ दिवसांत सोपं.

क्षेपणास्त्रं मोडायची कशी हेही लिहिलेलं होतं. काही स्फोटाने उडवायची, क्रूझ क्षेपणास्त्रं उभी चिरायची, पर्शिंगची इंजिनं जमिनीला बांधून जाळायची आणि उरलेले सांगाडे चेपायचे. प्रत्येक वेळी समोरच्या देशाचा माणूस हजर. खरं तर जगातल्या एकूण अण्वस्त्रांच्या तुलनेत ही क्षेपणास्त्रं थोडीच होती. १९८६ च्या सुमारास जगात साठ-सत्तर हजार अण्वस्त्रं होती आणि आयएनएफमुळे त्यांतला छोटा हिस्साच कमी झाला. पण एकमेकांच्या फाटकात उभं राहायची सवय लागली, आणि लांब पल्ल्याची अण्वस्त्रं कमी करणारा ३१ जुलै १९९१ चा स्टार्ट करार त्या सवयीवर उभा राहिला. आज जगातली संख्या बारा हजारांच्या आसपास आहे. सगळं श्रेय करारांचं नाही, सोव्हिएत संघच उरला नाही हेही कारण आहे. तरी ही घट कागदावर, तारखेवार आणि साक्षीदारांसमोर झाली.

इथपर्यंतचं थोडक्यात: निरोप पोचण्याची सोय, चकमकीचे शिष्टाचार आणि फाटकावरचा निरीक्षक, या तिन्हींना मैत्री लागत नाही. लागतो तो दोन्हीकडचा स्वार्थ आणि रोजचं काम.

मग हे करार मोडले का? तुमचा हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या १९७२ च्या एबीएम करारातून अमेरिका २००२ मध्ये बाहेर पडली. आयएनएफ करार २ ऑगस्ट २०१९ ला संपला. रशियाचं ९एम७२९ हे क्षेपणास्त्र करार मोडतं असा अमेरिकेचा आरोप. रशियाने तो नाकारला आणि रोमानियातल्या अमेरिकी यंत्रणेकडे उलट बोट दाखवलं.

पण तारखा नीट बघा. वोतकिन्स्क आणि मॅग्नाचे निरीक्षक २००१ च्या मे अखेरीस परतले, कारण करारात तपासणीची मुदत तेवढीच होती. बंदी कायमची, तपासणी तेरा वर्षांची. अमेरिकेने जाहीर आरोप केला २०१४ मध्ये. म्हणजे भांडण उभं राहिलं तेव्हा ते सोडवायला फाटकावर कुणीच नव्हतं. उरले ते उपग्रहांचे फोटो आणि एकमेकांची तोंडं. त्या तेरा वर्षांनंतर, संबंध बरे असताना, तपासणी वाढवून घेणं शक्य होतं. पण संबंध बरे असले की तिची गरज कुणालाच वाटत नाही. माझ्या मते आयएनएफचा मृत्यू तिथे सुरू झाला, आणि या विषयातली मला सगळ्यांत जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे.

स्टार्टनंतरच्या न्यू स्टार्ट या कराराचंही काहीसं तसंच. २०१० मध्ये प्रागला सह्या झाल्या. तैनात अण्वस्त्रांची मर्यादा १,५५०, वर्षाला अठरा तपासण्या, शिवाय क्षेपणास्त्र इकडून तिकडे हलवलं की कळवायचं. अशा पंचवीस हजारांहून जास्त सूचना दोघांनी एकमेकांना दिल्या. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे तपासण्या थांबल्या आणि पुन्हा सुरूच झाल्या नाहीत. मधे युक्रेनचं युद्ध आलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पुतिन यांनी सहभाग स्थगित केला. कराराची वाढीव मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती आणि पुन्हा वाढवायची तरतूद त्यात नव्हती. तरीही एक धागा बघा. आंतरखंडीय क्षेपणास्त्राच्या चाचणीआधी समोरच्याला कळवायचा १९८८ चा वेगळा करार आहे, आणि न्यू स्टार्ट स्थगित करताना रशियाने तो पाळत राहू असं जाहीर केलं. युद्ध पेटलेलं असतानाही अचानक सुटलेलं क्षेपणास्त्र समोरच्याने खरा हल्ला समजावं असं कुणालाच नको असतं.

आपल्या अंगणातही असं उदाहरण आहे. भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या केंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार १९८८ च्या शेवटच्या दिवशी झाला आणि १९९२ पासून याद्यांची देवाणघेवाण सुरू झाली. कारगिल झालं, संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौजा सीमेवर गेल्या, बालाकोट झालं, पण याद्या जात राहिल्या. यातून काश्मीरचा प्रश्न तसूभरही हलला नाही, हेही खरंच.

लोकमताबद्दल दोन वाक्यं, कारण तुम्ही "देखावा" हा शब्द वापरलाय. रेगन १९८३ ते १९८७ या काळात वाटाघाटींकडे वळले त्यामागे अनेक कारणं होती, पण बॉनमध्ये आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये रस्त्यावर उतरलेली लाखो माणसं हे त्यांतलं एक होतं. १९८६ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांच्या एका गटाने सोव्हिएत विज्ञान अकादमीशी बोलून सेमिपलातिन्स्कच्या सोव्हिएत अणुचाचणीस्थळाजवळ, चाचणी झाली तर कळावं म्हणून, भूकंपमापकं बसवली, म्हणजे सरकारांच्या आधी बिगरसरकारी माणसं आत पोचली.

आता भारताचं. नेहरूंनी २ एप्रिल १९५४ ला लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. महिनाभरापूर्वीच अमेरिकेने बिकिनी बेटांवर केलेल्या स्फोटाची राख जपानी मच्छीमारांवर पडली होती. वातावरणातल्या चाचण्यांवर बंदी आली ती १९६३ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत सहा देशांनी मिळून महासत्तांना शस्त्रस्पर्धा थांबवायचं आवाहन केलं. ही आवाहनं वाया गेली असं मी मानत नाही. पण तिसरा देश प्रत्यक्ष काय करू शकतो याचं माझ्या लेखी सगळ्यांत ठोस उदाहरण कोरियाचं आहे, आणि त्यात आपल्याकडचा एक माणूस मध्यभागी आहे.

कोरियातली युद्धबंदी एका प्रश्नावर वर्षाहून जास्त अडली होती: ज्या कैद्यांना मायदेशी परतायचंच नाही त्यांचं काय? दोन्ही बाजूंना दुसऱ्यावर भरवसा नाही. शेवटी तोडगा निघाला की पाच तटस्थ देशांचा आयोग नेमायचा आणि कैद्यांचा ताबा भारतीय सैन्याकडे द्यायचा. २७ जुलै १९५३ ला युद्धबंदी झाली. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि ताबा सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, तेव्हा जहाजांवरून हेलिकॉप्टरने त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. बावीस हजारांहून जास्त कैदी, आतून संघटित आणि भडकलेले. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाआड धरून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः आत गेले, त्यांच्याशी बोलले, आणि गोळी न झाडता तो अधिकारी सुटला. जानेवारी १९५४ मध्ये मुदत संपली, या कैद्यांचा निर्णय जिच्यावर सोपवला होता ती राजकीय परिषद काही भरली नव्हती, आणि थिमय्यांनी उरलेले कैदी ज्यांनी सोपवले होते त्यांच्याकडे परत दिले. कुणीच खूश झालं नाही. पण युद्धबंदी मोडली नाही. भारताकडे तेव्हा अणुबॉम्ब नव्हता, पैसा नव्हता. दोन्ही बाजूंना कमीत कमी नावडती फौज आपली होती आणि ते काम अंगावर घ्यायची तयारी होती.

चीनच्या बाबतीत मात्र ही सगळी उदाहरणं जशीच्या तशी लावू नका. चीनकडे अंदाजे सहाशे अण्वस्त्रं आहेत, अमेरिका आणि रशियाकडे प्रत्येकी त्याच्या कितीतरी पट. ज्याच्याकडे कमी आहे त्याचं संरक्षण लपवण्यात असतं. फाटक उघडलं की बलवानाला नेमकं कुठे मारायचं ते कळतं. १९५५ मध्ये अमेरिकी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी एकमेकांच्या देशांवरून टेहळणी विमानं उडू द्यावीत असं सुचवलं तेव्हा सोव्हिएतांनी ते झिडकारलं, कारण तेव्हा ते मागे होते. साठच्या दशकाच्या अखेरीस साधारण बरोबरी होत आली आणि मग ते मोठ्या शस्त्रांवर बोलायला टेबलावर आले. चीन आज कुठल्या टप्प्यावर आहे यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझा कल असा की मोठा आकडेबंद करार इतक्यात होणार नाही, आणि तो होत नाही म्हणून लहान व्यवस्था अडवून धरणं धोक्याचं आहे.

या लहान व्यवस्थांची अवस्था बरी नाही. १ एप्रिल २००१ ला हैनान बेटाजवळ अमेरिकी टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान धडकलं, चिनी वैमानिक मेला, अमेरिकेचे २४ जण अकरा दिवस अडकले, आणि सुरुवातीच्या तासांत अमेरिकी राजदूताचे फोन बीजिंगमध्ये कुणी उचलले नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेवरून गेलेला चिनी फुगा पाडल्यानंतर अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांचा फोन चिनी मंत्र्यांनी घेतला नाही. म्हणजे लाइन होती, उचलणारा नव्हता. त्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात बायडेन आणि शी भेटले आणि लष्करी संपर्क पुन्हा सुरू करायचं ठरलं. एका वर्षाने पेरूतल्या लिमात दोघांनी मान्य केलं की अण्वस्त्र वापरायचा निर्णय माणसाच्याच हातात राहील, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नाही. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने पॅसिफिकमध्ये आंतरखंडीय क्षेपणास्त्राची चाचणी केली तेव्हा अमेरिकेला आधी कळवलं होतं.

म्हणून शिखर परिषदेच्या फोटोवरून संबंध जोखू नका, फोटो नसल्यामुळे निराशही होऊ नका. पुढच्या काही वर्षांत या तीन देशांच्या बातम्या वाचताना मी स्वतः काय शोधणार आहे ते सांगतो. चाचणीआधी कळवण्याबद्दल चीन आणि अमेरिकेत लेखी, कायमचा करार होतो का; रशियाशी चीनचा असा करार २००९ पासून आहे, त्यामुळे कल्पना त्यांना परकी नाही. अमेरिका आणि चीन यांच्या नौदलांची ठरलेली वार्षिक बैठक एखाद्या वादानंतर रद्द होते की वाद असूनही भरते. अमेरिका-रशिया यांच्यात मोठा करार नसतानाही जुन्या सूचना जात राहतात का. यांपैकी बरंच काही आतल्या पानावर चार ओळींत येतं. टिपणं काढताना त्या चार ओळींना तारखेसह जागा द्या, आणि आयएनएफची तपासणी परिशिष्टं एकदा स्वतः वाचा. ती इंटरनेटवर उपलब्ध आहेत आणि भाषा अवघड नाही. वाचून झाल्यावर एखादं कलम अडलं तर पुन्हा विचारा.